किलोभर तांदूळ म्हणजे नेमक्या किती वाट्या? (बारशाचा मसालेभात, मदत पाहिजे)

दुधनाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी नमस्कार. येत्या रविवारी आमच्या सेलूच्या घरी लेकीचं बारसं आहे. मागच्या दिवाळीत मी आठ जणांचा मसालेभात केला होता, तो चुकून जमला, आणि तेव्हापासून मीच सगळीकडं सांगत फिरलो. आता आई आणि बायकोनं मिळून ठरवलंय की बारशाचा मसालेभात मीच करायचा. माणसं ४० धरलीत. पोळ्या, येसर आमटी, भाज्या, जिलेबी हे सगळं आचारी बघणार, भात तेवढा माझ्या गळ्यात.

अडचण अशी की माझी रेसिपी कपात आहे, ४ कप तांदूळ आणि ८ कप पाणी. किराणावाला किलोत बोलतो. आईला विचारलं तर म्हणली तीन शेर टाक, शीग लावून, म्हणजे काठाच्या वर ढीग येईल असं भरून. म्हणलं शेर म्हणजे किती किलो? तर म्हणे शेर म्हणजे शेर. बायकोचं सगळं वाटीवर चालतं आणि ती वाटी पण ठरलेली, काठाला चेमटलेली, दुसरी दिली तर तिचा भात बिघडतो.

तर प्रश्न दोन. एक कप किंवा एक वाटी तांदूळ म्हणजे किती ग्रॅम? आणि पाणी दुप्पट म्हणजे ३ किलोला ६ लिटर, बरोबर ना?

मोसंबी | सोमवार, रात्री ९:४८

१ कप = २०० ग्रॅम. ५ कप = १ किलो. धागा बंद करा.

कुकरची_शिट्टी | सोमवार, रात्री ९:५५

अभिनंदन! पोरीचं नाव ठरलंय का आधी भाताचंच चाललंय?

सौ_ठेचा | सोमवार, रात्री १०:१०

मोसंबी, कोणता कप ते तर सांगा. माझ्याकडं मापाच्या कपांचे दोन सेट आहेत, एकावर २४० मिली लिहिलंय, दुसऱ्यावर २५०. अमेरिकेतल्या रेसिपीतला कप २३७ च्या आसपास असतो. आणि आमच्या घरातला चहाचा कप पाहुण्यांसाठी वेगळा आणि घरच्यांसाठी वेगळा, तो तर धरूच नका. वाटीचं अजून अवघड. आमटीची वाटी, दह्याची वाटी, लग्नात आलेली वाटी, सगळ्या वाट्याच की.

दुधनाकाठ, तुमच्या बायकोचं बरोबर आहे. भांडं एकच ठेवा, त्यानंच तांदूळ मोजा त्यानंच पाणी मोजा, ग्रॅमच्या नादी लागायची गरजच नाही.

दुधनाकाठ | सोमवार, रात्री १०:१८

पण वाटीनं ३ किलो मोजत बसलो तर बारसं पुढच्या महिन्यात होईल.

वजनकाटा | सोमवार, रात्री ११:३२

मी लातूरचा, कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, घरी स्वयंपाकघरात डिजिटल काटा ठेवलेला आहे आणि त्यावरून घरात रोज बोलणी खातो. धागा वाचला आणि राहवलं नाही, आत्ता उठून मोजून आलो.

२४० मिलीचा कप, वरून सुरीनं सपाट केलेला. कोलम १९८ ग्रॅम. जुना बासमती १८४. इंद्रायणी २०४. रेशनचा जाडा तांदूळ १९२. हाताशी होती म्हणून ज्वारी पण मोजली, १८८. मग कोलमचाच कप ओट्यावर पाच-सहा वेळा आपटला, दाणे खाली बसले, वर जागा झाली ती भरली, तर तोच कप २११ ग्रॅमवर गेला. म्हणजे तांदूळ तोच, कप तोच, नुसतं आपटल्यानं १३ ग्रॅमचा फरक.

कारण साधं आहे. पाणी कपात जागा सोडत नाही, तांदूळ सोडतो. दाण्यादाण्यांच्या मधे हवा असते. लांब दाणा आडवातिडवा पडतो म्हणून बासमतीत पोकळी जास्त, इंद्रायणीसारखा आखूड दाणा दाटीवाटीनं बसतो. म्हणून मोसंबींचे २०० ग्रॅम अगदीच चुकीचे नाहीत, कोलमपुरते चालतील.

वाटीसाठी युक्ती: ज्या वाटीनं मोजता तिच्यात काठोकाठ पाणी भरून वजन करा. जेवढे ग्रॅम पाणी तेवढे मिली वाटी. त्याच्या पाचातले चार भाग धरले की तांदळाचे ग्रॅम आले, थोडं इकडंतिकडं. माझी आमटीची वाटी १५० मिलीची निघाली, तिच्यात तांदूळ १२३ ग्रॅम बसतो. उलटा हिशोब लक्षात ठेवायला अजून सोपा, किलोभर तांदूळ सव्वा लिटर जागा खातो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि खरी गोम तिथंच आहे. रेसिपीतलं 'पाणी दुप्पट' हे मापाचं दुप्पट आहे, वजनाचं नाही. ३ किलो तांदूळ म्हणजे साधारण ३.६ लिटर माप. त्याच्या दुप्पट ७.२ लिटर. तुम्ही ६ लिटर धरलेत, म्हणजे रेसिपीपेक्षा सव्वा लिटर कमी.

दुधनाकाठ | सोमवार, रात्री ११:४०

अरे बापरे. बरं झालं विचारलं. म्हणजे ७.२ लिटर टाकायचं, फायनल.

खडू_फळा | मंगळवार, सकाळी ६:५५

फायनल करू नका. जिल्हा परिषदेचा मास्तर आहे, शाळेतली खिचडी रोज डोळ्यासमोर शिजते, म्हणून सांगतो. घरच्या कुकरचं प्रमाण मोठ्या पातेल्याला लागत नाही. दोन वाट्या भाताला जेवढी वाफ जाते त्याच्या पंधरापट वाफ तीस वाट्यांच्या भाताला जात नाही, पातेल्याचं तोंड काही पंधरापट मोठं नसतं. त्यामुळं जसजसा तांदूळ वाढतो तसतसं पाण्याचं प्रमाण थोडं खाली आणावं लागतं. ३ किलो कोलमला झाकण घट्ट असेल तर सहा-साडेसहा लिटर पुष्कळ झालं. त्यातून मसालेभात, वांगी तोंडली टोमॅटो पाणी सोडणार ते वेगळंच.

नांदेडचा_गुलमोहर | मंगळवार, सकाळी ८:२०

हाहाहा. म्हणजे ओपीनं (धागा काढणाऱ्यानं) चुकीचा हिशोब केला आणि उत्तर बरोबर आलं. रात्रभर सरांनी काटा घेऊन बसून त्याला बरोबर हिशोब शिकवला आणि उत्तर चुकवलं.

काय हिशोब करायलाव राव तुम्ही सगळे! आमच्या नांदेडला तेलंगणातून तांदूळ येतो, बारीक दाण्याचा, तो नवा का जुना हे आधी विचारावं लागतं. नव्याला पाणी कमी, वर्षभर ठेवलेल्याला जास्त. कप मोजून काय उपयोग, दुकानदार नवा देऊन जुना म्हणला तर झाला ना लगदा.

वजनकाटा | मंगळवार, सकाळी ९:०५

गुलमोहर, मान्य :) मास्तरांचं म्हणणं बरोबर आहे, वाफेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नाही, मी रात्री साडेअकराला फक्त गुणाकार केला.

सौ_ठेचा | मंगळवार, सकाळी ९:३०

एवढं सगळं करण्यापेक्षा तांदूळ टाकून वर बोटाचं एक पेर पाणी ठेवायचं. माझी आई, सासू, दोघी असंच करायच्या. आयुष्यात भात बिघडला नाही.

वजनकाटा | मंगळवार, सकाळी १०:१५

ठेचाताई, कुकरात ते चालतं, मोठ्या पातेल्यात नाही, हे मात्र आता कागदावर मांडून सांगतो. घरच्या कुकरात दोन वाट्या तांदळाचा थर दीड सेंटिमीटरचा, त्यावर अडीच सेंटिमीटरचं पेर, म्हणजे पाणी आपोआप दुप्पट भरतं. आता ३ किलो तांदूळ फूटभर रुंद पातेल्यात टाका. थर पाच सेंटिमीटरचा होतो, पण पेर तेवढंच राहतं. दाण्यांमधलं पाणी धरून सगळं मिळून सव्वातीन-साडेतीन लिटरच होईल. भात कच्चा राहणार. पेर भाताबरोबर वाढत नाही हो.

कुकरची_शिट्टी | मंगळवार, सकाळी १०:२२

चाळीस माणसांच्या भाताला हत्तीचं पेर घ्या.

आज्जीचा_नातू | मंगळवार, दुपारी १:४०

ओपीच्या आईनं शेर काढला म्हणून लिहितो. आमच्या अंबाजोगाईच्या घरी माळ्यावर अजून आज्जीची मापं आहेत, चिपटं, मापटं आणि शेर. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, अर्ध्या पायलीला अधोली. बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. हे सगळं मापाचं गणित आहे, वजनाचं नाही, म्हणून ओपीच्या आईंचं 'शेर म्हणजे शेर' हे उत्तर अगदी बरोबर आहे. शेरात ज्वारी भरली तरी शेर, तांदूळ भरला तरी शेर, किलो दोन्हींचे वेगळे.

घोळ असा झाला की वजनाचा पण एक शेर होता, ८० तोळ्यांचा, तो ९३३ ग्रॅम भरतो. मापाचा शेर गावोगाव वेगळा. त्यात आपण निजामाच्या राज्यातले, रुपया हाली, मापं आपली, पलीकडं इंग्रजांचा मुलूख तिथली मापं त्यांची. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, ऑक्टोबर १९५८ पासून किलोची वजनं यायला लागली आणि १९६२ पर्यंत ती सक्तीची झाली. कागदावर. खळ्यावर मात्र पायली कितीतरी वर्षं चालू होती, आज्जी तर किलोला शेवटपर्यंत 'नवा शेर' म्हणायची.

आणि शीग. सपाट माप आणि शिगोशीग माप यात केवढं राजकारण होतं. बलुतं द्यायचं तर कुणाचं माप सपाट आणि कुणाचं शिगेचं, सावकाराचं देताना सपाट आणि घेताना शीग, यावरून खळ्यावर भांडणं. मोजणारा पहिलं माप टाकताना 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणायचा, मग दोन, तीन. लहानपणी मला वाटायचं लाभ हा पण एक आकडा आहे, शाळेत बाईंनी पाढा म्हणायला लावला तर मी लाभ दोन तीन म्हणलो होतो.

देगची | मंगळवार, दुपारी २:१५

आमच्याकडं संभाजीनगरात अजून पण काही घरी पहिल्या मापाला बरकत म्हणतात. आज्जीचा नातू, छान लिहिलंत.

बाकी तुमच्या सगळ्यांचं भांडण मला कळतच नाही. बिर्याणीला तांदूळ भरपूर पाण्यात उकळायचा, कणी राहिली की वेळून काढायचा, मग दम. पाणी मोजतंय कोण? तांदूळ तेवढा किलोत, कारण गोश्त किलोत येतं. देगवाले बावर्ची तर तांदळावरूनच माणसं मोजतात, जेवायला नुसता खाना, म्हणजे भातच, असेल तर किलोला आठ-दहा माणसं.

नांदेडचा_गुलमोहर | मंगळवार, दुपारी २:३०

आपा, मसालेभात वेळून काढला तर मसाला सगळा मोरीत जाईल की. मग बगारा खाना आणि दालचाच करा म्हणावं बारशाला, मी येतो.

देगची | मंगळवार, दुपारी २:४१

हां ते खरं. मसालेभाताला पाणी मोजावंच लागेल. मी मागं घेते. दालचा मात्र मागं घेत नाही.

भूमकन्या | मंगळवार, सायंकाळी ६:५०

माझा वेगळाच वैताग. लग्नात इलेक्ट्रिक राईस कुकर आला, त्यासोबतचा प्लास्टिकचा कप हरवला. मी मापाच्या सेटमधला कप वापरला आणि भांड्याच्या आतल्या रेघेपर्यंत पाणी भरलं. तीनदा भात टणक. मला वाटलं कुकर खराब आहे.

प्रवासी_पक्षी | मंगळवार, रात्री ८:०५

भूमकन्या, कुकर चांगला आहे. राईस कुकरचा कप १८० मिलीचा असतो आणि आतल्या रेघा त्याच कपाला जुळवलेल्या असतात. तुम्ही २४० चा कप घेतला म्हणजे तांदूळ १/३ जास्त आणि पाणी रेघेइतकंच.

१८० हा आकडा जपानी मापातून आलाय. त्यांचं तांदळाचं जुनं माप 'गो', एक गो म्हणजे १८० मिली, तांदूळ त्यात दीडशे ग्रॅमच्या आसपास बसतो. दहा गोंचा एक शो, आणि असं वाढत वाढत वर 'कोकू', म्हणजे साधारण १८० लिटर, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ असा धरायचे. तिकडच्या सरदारांची ऐपत कोकूत मोजत होते, आपल्याकडं खंडीत मोजायचे तसंच. माझा भाऊ तिकडं असतो, त्याच्याकडून कळलं. त्यांच्याकडं पायली मोडीत निघाली पण चिपटं मात्र राईस कुकरमधे घुसून जगभर फिरतंय.

भूमकन्या | मंगळवार, रात्री ८:२०

अय्या! दोन वर्षं मी कुकरला शिव्या घातल्या. धन्यवाद.

खडू_फळा | बुधवार, सकाळी ७:१०

कालपासून एक गोष्ट लिहू का नको चाललंय. वजन आणि मापाच्या गोंधळाचा आमच्या शाळेतला किस्सा आहे.

पोषण आहारात पहिली ते पाचवीला मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. (योजना १९९५ ला सुरू झाली तेव्हा शिजवून नव्हता, महिन्याला ३ किलो तांदूळ पोरं पिशवीत घरी न्यायची, कितीतरी पिशव्यांना भोक असायचं आणि शाळेपासून वस्तीपर्यंत दाण्यांची रेघ दिसायची.) आमची शाळा पाचवीपर्यंत, पोरं ६३. म्हणजे रोज ६ किलो ३०० ग्रॅम. काटा होता पण त्याचा सेल संपला की महिना महिना तसाच. मग मदतनीस मावशींनी वनस्पती तुपाचा एक किलोचा रिकामा डबा धरला. सहा डबे आणि वर दोन मुठी. मला पण वाटलं, एक किलोचा डबा म्हणजे एक किलो, नोंद तशीच करत गेलो.

महिनाअखेरीला शिल्लक जुळेना. रजिस्टरपेक्षा गोणीत १४-१५ किलो तांदूळ जास्त. कमी भरला असता तर चोरी म्हणले असते, जास्त भरला तर काय म्हणायचं ते कुणाला कळेना. शेवटी नवा सेल टाकून डबा तोलला तेव्हा कळलं, त्यात एक किलो तूप बसतं, तांदूळ नऊशेच ग्रॅम. रोज साधारण सहाशे ग्रॅम कमी शिजत होतं, म्हणजे सहा पोरांचा भात. आणि मावशी अधूनमधून म्हणायच्या, सर शेवटच्या रांगेला ओढाताण होते. मी म्हणायचो वाढताना हात आवरा.

आता डब्याला आतून खिळ्यानं खूण नको म्हणून सातवा डबाच धरतो. ६३ पोरांना बरोबर सात. काटा असो नसो.

सौ_ठेचा | बुधवार, सकाळी ८:००

मास्तर...

मोसंबी | बुधवार, सकाळी ९:१२

मास्तर तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मी पहिल्या दिवशी दोनशे ग्रॅम म्हणून मोकळा झालो होतो.

डब्यावरून आठवलं. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा घासून त्यात आमच्याकडं तांदूळ ठेवतात. त्यात किती बसतो म्हणता? तेराच्या थोडं वर. आणि भांड्याच्या दुकानात स्टीलचा डबा 'दहा किलोचा' म्हणून देतात, विचारा त्याला कशाचे दहा किलो. ज्वारीचे का पोह्याचे?

कुकरची_शिट्टी | बुधवार, सकाळी ९:२०

दहा किलोच्या डब्यात फक्त अर्धा किलो कडीपत्ता बसतो. मोजलंय.

तिफण | बुधवार, सकाळी ११:४५

तांदूळ निघालाच आहे तर विचारतो, आमच्या गावात रेशनच्या तांदळात प्लास्टिक निघतंय म्हणून बोंब आहे. धुताना काही दाणे वर तरंगतात, रंगानं पिवळट. बाया निवडून फेकून देतात. पाच किलोत मूठभर निघतात. त्यानं पण वजनात फरक पडेल का?

खडू_फळा | बुधवार, दुपारी १:०५

तिफण, फेकू देऊ नका हो. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक अॅसिड आणि बी १२ मिसळून मशीनमधून तांदळाच्याच आकाराचे दाणे काढतात आणि १०० किलोला १ किलो असे मिसळतात. म्हणजे ५ किलोत ५० ग्रॅम, मूठभरच. शाळेच्या तांदळात पण येतात. आमच्या मावशी पण आधी निवडायच्या. वजनात काही फरक नाही, ज्यांच्यासाठी टाकलेत त्यांच्या पोटात जाऊ द्या.

नांदेडचा_गुलमोहर | बुधवार, दुपारी १:३०

आमच्या आईला हे सांगून बघितलं. म्हणली, तू आधी धुऊन दाखव.

दुधनाकाठ | बुधवार, रात्री १०:३०

मंडळी, धागा कुठल्या कुठं गेला पण मला सगळं कामाचं निघालं. आज दुकानात गेलो तर दुकानदार २६ किलोचा कट्टाच घ्या म्हणून मागं लागला. म्हणलं २६ का, २५ का नाही? तर म्हणे २५ पर्यंतच्या पॅकिंगला जीएसटी लागतो, म्हणून सगळ्या मिलवाल्यांनी एक किलो वाढवला. मापाचं राजकारण अजून चालूच आहे म्हणायचं. मी सुटा ४ किलो कोलम घेतला, जुना आहे म्हणला, देव जाणे.

आता आईचा शेर घेऊन बसलो. सपाट भरला तर ९१० ग्रॅम तांदूळ. शीग लावली, मावेल तेवढी, तर १ किलो १५. म्हणजे आई म्हणत होती ते शिगेचे तीन शेर म्हणजे तीन किलोच की! आई बाजूला बसून बघत होती, काही बोलली नाही, नुसती शेंगा सोलत राहिली.

एकच शंका उरली, ४० माणसांना ३ किलो पुरेल का? आणि पातेलं केवढं घेऊ?

देगची | बुधवार, रात्री १०:५०

नुसता भातच असता तर पुरला नसता. पोळ्या आहेत, जिलेबी आहे, मग माणशी ७०-७५ ग्रॅम पुष्कळ. पण बारशाला न बोलावलेले येतातच, अर्धा किलो वर धरा.

वजनकाटा | बुधवार, रात्री ११:१५

शिजल्यावर भात वजनानं अडीच ते तीन पट होतो. साडेतीन किलोचा नऊ-दहा किलो भात, वर भाज्या. वीस लिटरचं पातेलं घ्या, ढवळायला जागा लागते, नाहीतर खालचा लागतो आणि वरचा कच्चा. साडेतीन किलोला पाणी सात ते साडेसात लिटर, उकळतंच ओता. आणि एकदा ओतलं की झाकण लावून बाजूला व्हा.

सौ_ठेचा | बुधवार, रात्री ११:२०

आणि मीठ? मीठ कुणी बोललंच नाही! ते तांदळाच्या पटीत एकदम वाढवू नका, हिशोबानं येईल त्याच्या पाऊणपट टाका आणि चाखा.

कुकरची_शिट्टी | रविवार, रात्री ९:००

काय झालं हो बारशाचं? आम्ही इथं उपाशी.

दुधनाकाठ | सोमवार, सकाळी ७:३०

झालं मंडळी. पोरीचं नाव ईश्वरी ठेवलं. माणसं ४० ची ५२ झाली, देगचीताई तुमचं तोंड गोड करायला पाहिजे. साडेतीन किलो तांदूळ टाकला, शेवटी पातेल्यात ताटभर उरला, तो संध्याकाळी शेजारच्या पोरांनी संपवला. म्हणजे तांदळाचा हिशोब बरोबर बसला.

पाणी मी सव्वासात लिटर मोजून ओतलं, लिटरच्या बाटलीनं, एकेक बाटली ओळीनं मांडून, सगळे हसत होते. झाकण लावलं, विस्तव बारीक केला आणि वजनकाटा सरांनी सांगितलं तसं बाजूला झालो. चुकी तिथंच झाली. पाळण्याची वेळ झाली म्हणून मला आत बोलावलं. इकडं परभणीच्या आत्या आल्या, त्यांनी झाकण उघडून बघितलं, 'कोरडाच वाटायलाय रे' म्हणल्या आणि एक तांब्या पाणी ओतून मोकळ्या झाल्या. कुणाला सांगितलं पण नाही, जेवताना कळलं.

भात मऊ झाला. मसालेभात म्हणावा का खिचडी यावर पंगतीत दोन तट पडले. म्हातारी मंडळी सगळी खूश, त्यांना चावायचं काम नव्हतं. आत्या सगळ्यांना सांगत होत्या, मी होते म्हणून, नाहीतर कच्चाच राहिला असता.

कुकरची_शिट्टी | सोमवार, सकाळी ७:४१

आत्यांचा तांब्या किती मिलीचा?

दुधनाकाठ | सोमवार, सकाळी ७:५५

आईला विचारलं. म्हणली, तांब्या म्हणजे तांब्या.